कोलकात्यात घाई, भूतानमध्ये घोळका : एका सहलीबद्दल

गेल्या नोव्हेंबरात मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई एका सहल कंपनीबरोबर कोलकाता आणि भूतान करून आलो. आल्यापासून ओळखीतली प्रत्येक बाई विचारते, कंपनी कशी होती, पैसे वसूल झाले का, आम्ही जाऊ का. दर वेळी दारात उभं राहून अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. कंपनीचं नाव घालत नाही. बुकिंग करण्याआधी मी चार-पाच कंपन्यांची पत्रकं समोर ठेवून वाचली होती. या सहलीचा आराखडा सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच होता, म्हणून माझं म्हणणं सगळ्यांसाठीच आहे.

आधी निकाल सांगते. जा. हॉटेलं स्वच्छ होती, गाड्या वेळेवर आल्या, परवान्याच्या कागदांत कुठे अडलं नाही. टूर मॅनेजर मुलगा फार कष्टाळू. जाऊबाईंचे गुडघे दुखतात हे त्याने पहिल्याच दिवशी हेरलं आणि न सांगता प्रत्येक मुक्कामी आम्हाला तळमजल्याची खोली मिळवून दिली. माझं भांडण आहे ते वेळेच्या वाटणीशी. कोलकाता हे पायी हिंडायचं, माणसांपाशी थांबायचं शहर, आणि ते आम्हाला बसच्या काचेतून पळवत दाखवलं. भूतान हा थोड्या माणसांचा, हळू आवाजाचा देश, आणि तिथे आम्हाला चौतीस जणांच्या घोळक्याने नेलं. जिथे थांबायला हवं तिथे घाई केली, जिथे विखरायला हवं तिथे एकत्र कोंबलं.

आमचा पेणजवळ गणपतीचा कारखाना आहे, सासऱ्यांनी सुरू केलेला. साच्यातून मूर्ती काढणं, जोड भरणं, घासणं, रंग मारणं ही कामं माणसं वाटून घेतात. डोळ्यांची आखणी मी करते, लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हातात कुंचला दिला तेव्हापासून. परदेशी जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी आधीच बाहेर पडतात. मग श्रावण लागला की चतुर्थीपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. चतुर्थी झाली की उधाऱ्या, हिशेब, दिवाळी, आणि दिवाळीनंतर माघी गणपतीच्या कामाचा जोर येईपर्यंत थोडी उसंत. लांब जायचं तर बहुतेक तेवढ्यातच. या सहलीच्या पत्रकात कोलकात्याच्या रकान्यात ‘कुमारटुली’ असं लिहिलं होतं, म्हणजे तिथली देवीच्या मूर्ती घडवणाऱ्यांची वस्ती. त्या एका नावावर मी पैसे भरले.

पैसे माणशी लाखाच्या थोडे वर पडले. त्यात मुंबईहून कोलकात्याचं विमान, तिथून पुढची रेल्वे, भूतानमधल्या पारोहून परतीचं विमान, राहणं, जेवण, आणि भूतान सरकार भारतीय पर्यटकाकडून दर रात्रीमागे जे १२०० रुपये घेतं तेही आलं. (बहुतेक परदेशी लोकांना हाच आकार रात्रीला १०० डॉलर पडतो.) मठांची आणि टायगर्स नेस्ट या कड्यावरच्या मठाची तिकिटं मात्र वेगळी होती, आणि ते पत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं. शेवटचं पान आधी वाचा. आणि पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र जवळ हवंच. आधार कार्डावर भूतानमध्ये मोठ्या माणसाला प्रवेश मिळत नाही.

कोलकात्याला उतरल्यावर थेट बसमध्ये. व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर फोटो, दक्षिणेश्वरला दर्शन, हावडा पुलावरून एक चक्कर. पूल १९४३ साली सुरू झाला, त्यात नटबोल्ट नाहीत, सगळा रिव्हेटांवर जोडलेला आहे, असं स्थानिक गाईड सांगत होता. त्याचं वाक्य संपेपर्यंत आम्ही पलीकडच्या टोकाला पोहोचलोही होतो. बसमध्ये बसलं की कोलकाता म्हणजे नुसती तुंबलेली वाहनं वाटतात. आमच्यातले बरेच जण ‘काय हे शहर’ म्हणत डोळे मिटून बसले, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांना काचेबाहेर दुसरं काही दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाश्ता आठला होता. आम्ही दोघी अंधारातच टॅक्सी करून मल्लिक घाटावरच्या फुलबाजारात गेलो. हा बाजार पुलाच्या कोलकात्याकडच्या पायथ्याशी, अगदी नदीला लागून आहे. झेंडूच्या माळांची वेटोळी डोक्यावर घेऊन हमाल धावत असतात. ते लांबूनच ओरडतात, आपण अंग चोरायचं, ते निघून जातात. इतक्या गर्दीत एकदाही मला कुणाचा कोपर लागला नाही. जाऊबाई एका खांबाला टेकून उभ्या राहिल्या, तर अपराजितेची फुलं विकणाऱ्या एका बाईने स्वतःखालचं पोतं अर्धं मोकळं करून त्यांना बसवलं. भाषा एकमेकींची कळत नव्हती. मातीच्या भांड्यातला चहा आला, त्याचे पैसेही तिने घेऊ दिले नाहीत. पुढे भूतानमध्ये गाईडने सांगितलं की २०१७ च्या जनगणनेत त्यांच्या अख्ख्या देशाची लोकसंख्या सव्वासात लाख भरली. कोलकाता महापालिकेच्या हद्दीत २०११ साली जवळजवळ ४५ लाख माणसं होती. तो आकडा ऐकताना मला ती बाई आणि ते अर्धं पोतं आठवलं. एवढ्याशा जागेत एवढी माणसं एकमेकांना सामावून घेतात, आणि हे सहलीच्या पत्रकात कुठेही ‘पाहण्यासारखं’ म्हणून लिहिलेलं नाही.

नाश्त्यानंतर कुमारटुली. पत्रकात नाव होतं, पण वेळ लिहिलेली नव्हती. वेळ निघाली वीस मिनिटं. बस मोठ्या रस्त्यावर थांबली, गल्लीत शिरलो, पुढच्यांनी मूर्तींसमोर सेल्फी काढले, मागचे येईपर्यंत शिट्टी झाली. मी मॅनेजरला बाजूला घेऊन सांगितलं, “हे बघ बाळा, मी याच्यासाठी आलेय.” दुपारच्या जेवणानंतर गटाला एका मॉलमध्ये तीन तास मोकळा वेळ होता. त्याने आम्हाला त्या वेळात परत जायची परवानगी दिली, सियालदह स्टेशनवर किती वाजता आणि कुठे भेटायचं ते कागदावर लिहून दिलं, स्वतःचा नंबर जाऊबाईंच्या फोनमध्ये घालून दिला. कंपनीच्या नियमात हे बसत नसावं. त्याने ते माणूस ओळखून केलं, आणि ही त्या सगळ्या सहलीतली सर्वांत चांगली सेवा होती.

मेट्रोने शोभाबाजार सुतानुटीला उतरलो. देशातली पहिली मेट्रो हीच, १९८४ सालची. तिथून चालत बनमाली सरकार स्ट्रीट. नावाला रस्ता, पण दोन्ही बाजूंच्या कारखान्यांतून मूर्ती बाहेर आलेल्या असल्यामुळे मधून एक हातगाडी जेमतेम जाईल एवढीच वाट. दुर्गापूजा, कालीपूजा होऊन गेलेली, त्यामुळे धावपळ कमी आणि बोलायला माणसं मोकळी. सरस्वतीच्या मूर्तींचे सांगाडे उभे राहत होते.

माझा सगळा जन्म साच्यात गेला आहे. शाडू असो की प्लास्टर, आमच्याकडे मूर्ती साच्यातून निघते आणि मग तिच्यावर हात फिरतो. तिथे आधी बांबूचा सांगाडा, त्यावर भाताच्या पेंढ्याने अंग बांधतात, सुतळीने आवळत आवळत. कंबर, खांदा, मांडी, सगळं पेंढ्यातच दिसायला लागतं. त्यावर पहिला हात चिकट मातीचा, भाताचा तूस कालवलेली. ती वाळून भेगाळली की पातळ मातीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी भेगा बुजवतात, वरून वाळूसर माती. बोटं आणि चेहरा वेगळे घडवून बसवतात. चेहऱ्याला तिथेही साचा वापरतात, पण मान कुठे वळवायची हे माणूस ठरवतो, आणि म्हणूनच एका कारखान्यातल्या दोन सरस्वती सारख्या नसतात. विसर्जनानंतर सांगाडे नदीतून ओढून काढतात, बांबू आणि पेंढा पुन्हा कामाला येतो. शाडू की प्लास्टर हा वाद आमच्या उंबऱ्यावर इतकी वर्षं चाललाय की मी ते ऐकताना वही काढून लिहून घेतलं.

एका कारागीर काकांना हिंदीत सांगितलं की मी गणपतीचे डोळे काढते. त्यांनी काहीही न बोलता वर्तमानपत्राचा कागद, काळा रंग आणि कुंचला पुढे केला. मी माझा डोळा काढला. त्यांनी शेजारी देवीचा काढला, बांबूच्या पानासारखा लांब, कानाकडे ओढलेला, एका दमात. मग बराच वेळ आम्ही बुबुळावर बोललो. घरगुती गणपतीसमोर माणूस खाली बसून आरती करतो, मूर्ती चौरंगावर जेमतेम हातभर उंच, म्हणून मी बुबुळ जवळजवळ मध्यावर ठेवते. त्यांची देवी मंडपात दीड-दोन पुरुष उंच उभी राहते, गर्दी खालून बघते, म्हणून त्यांची नजर खाली पडलेली. ते म्हणाले, “दीदी, आमच्याकडे नजर सगळ्यांवर पडायला लागते. तुमच्याकडे एका घरावर.” हे वाक्य मला कुठल्याही पत्रकातल्या वीस मिनिटांत मिळालं नसतं.

परतताना टॅक्सी बागबाजारावरून गेली. सकाळी गाईडने बसमध्ये घाईघाईत सांगितलेली एक गोष्ट त्या भागातली आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचं सैन्य बंगालवर चालून आलं तेव्हा, १७४२ साली, कोलकात्याच्या लोकांनी मराठ्यांना अडवायला शहराभोवती खंदक खणायला घेतला. पुढे तो बुजवला, त्याच्या रेषेवर रस्ता झाला, पण ‘मराठा डिच’ हे नाव एका गल्लीला अजून आहे. आमच्या बसमध्ये टाळ्या पडल्या. मला टाळी वाजवाविशी वाटली नाही. त्या स्वाऱ्यांत गावं जळाली, आणि बंगालमध्ये बाळाला झोपवताना अजूनही बर्गी, म्हणजे मराठे घोडेस्वार, येतील अशी भीती घालतात. ज्या बाईने सकाळी जाऊबाईंना पोत्यावर बसवलं तिनेही ते अंगाई म्हणून ऐकलंच असेल. कंपन्यांनी ही गोष्ट सांगावी, पण नीट, थांबून, दोन्ही बाजूंनी सांगावी.

रात्री सियालदहहून कांचनकन्या एक्स्प्रेस. सकाळी खिडकीत डुआर्सचे चहाचे मळे, मग हासीमारा, आणि तिथून जीपने जयगाव. विमानाने थेट पारोला जाण्यापेक्षा ही वाट मी कुणालाही सांगेन, दमणूक जास्त असली तरी. कारण जयगावच्या बाजारात शेवटपर्यंत हॉर्न, हातगाड्या, रिक्षा, आणि सीमेची भिंत ओलांडून फुंटशोलिंगला पाय ठेवला की हॉर्न थांबतात. हवा तीच, दुकानांत मालही बराचसा आपल्याकडचाच. फक्त रस्ता ओलांडायला उभं राहिलं की गाडी थांबते. जाऊबाई पहिल्यांदा थांबलेल्या गाडीलाच ‘तू जा’ अशी खूण करत राहिल्या. ड्रायव्हर हसून थांबूनच राहिला. घड्याळ अर्धा तास पुढे करायचं असतं. आपला रुपया चालतो, कारण त्यांचं न्गुल्त्रुम आपल्या रुपयालाच बांधलेलं आहे.

थिम्पूपर्यंतचा घाट दिवसभर खातो. रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेने १९६० च्या दशकात बांधला, ‘दंतक’ नावाच्या प्रकल्पातून, आणि त्याच्या पाट्या वाटेत जागोजागी दिसतात. दोन कोस्टर गाड्यांत, म्हणजे छोट्या बसमध्ये, आमची विभागणी झाली आणि इथून पुढे माझ्या तक्रारीचा दुसरा भाग सुरू होतो. गाडी सुरू झाली की अंताक्षरी, माईकवर विनोद, कुणाचा तरी वाढदिवस. मला गाण्यांचं वावडं नाही. आमच्या कारखान्यात दिवसभर रेडिओ लागतो. पण भूतानच्या राज्यघटनेतच लिहिलंय की देशाची किमान ६० टक्के जमीन जंगलाखाली राहिली पाहिजे, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त आहे. ते जंगल खिडकीबाहेर तासन्तास चालू होतं आणि आमच्यातल्या निम्म्यांची त्याच्याकडे पाठ होती.

थिम्पूत वाहतुकीचे सिग्नल नाहीत. मुख्य चौकात रंगवलेल्या छत्रीखाली पांढऱ्या हातमोज्यांचा पोलीस हात फिरवतो. तो सगळे बघतात. मोठा बुद्ध, स्मारक चोर्तेन (म्हणजे स्तूप) हेही सगळे बघतात, चांगलंच आहे. माझ्यासाठी थिम्पू म्हणजे झोरिग चुसुमची संस्था. तेरा पारंपरिक कला शिकवणारी ही सरकारी शाळा १९७१ पासून आहे. चित्रकला, लाकूडकोरीव, भरतकाम, मातीच्या मूर्ती. मुलं ‘घो’ आणि मुली ‘किरा’ या पारंपरिक पोशाखांत, जमिनीवर बसून काम करतात. आमचा घोळका वर्गात शिरला तसा वर्ग भरूनच गेला. एकाने मुलाच्या पाटीवर वाकून व्हिडिओ काढला, त्या मुलाची रेघ हलली. तो काही बोलला नाही, खोडरबर घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली.

आमचा भूतानी गाईड शांत मुलगा होता, हिंदी उत्तम. त्याने माझा चेहरा पाहिला असावा. गट हस्तकला बाजारात गेला तेव्हा त्याने शिक्षकांना विचारून मला माती-वर्गात बसवलं आणि गटाला दुसऱ्या गाईडकडे सोपवून स्वतः दाराशी थांबला. तिथे मूर्तीचं प्रत्येक अंग मापाच्या चौकटीवर बसवतात. कपाळ इतकी बोटं, कानाची पाळी इतकी, त्यात फेरफार नाही. पेंढा नाही, साचा नाही, मातीत कागदाचा लगदा कालवून मळतात. एक मुलगी पद्मसंभव या बौद्ध गुरूंचा हात घडवत होती, तिची बोटं बघूनच कळत होतं की तिला घाई शिकवलेली नाही. मी गाईडला विचारलं, डोळे केव्हा? त्याने शिक्षकांना विचारून सांगितलं, शेवटी, सगळं झाल्यावर, पूजा करून. कुमारटुलीत शेवटी, आमच्याकडे शेवटी, इथेही शेवटी. मी त्या मुलीला माझ्या फोनमधले आमच्या कारखान्याचे फोटो दाखवले. ओळीने शेकडो गणपती, अजून डोळे नसलेले. ती एकदम सरळ बसली, मैत्रिणीला हाक मारली, मग सगळा वर्ग जमला. शिक्षकांनी विचारलं की एवढ्या मूर्ती एकटी करते का. मी म्हटलं, नाही, पण डोळे बहुतेक माझेच.

पुनाखाला जाताना दोचूला खिंड लागते, साधारण ३१०० मीटर उंच, १०८ चोर्तेनांची. आम्हाला बर्फाची शिखरं स्वच्छ दिसली. पुनाखाचा झोंग, म्हणजे मठ असलेला किल्ला, १६३७-३८ चा, फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर, आणि हिवाळ्यात थिम्पूचा मुख्य भिक्षूसंघ तिथे राहायला येतो. लाकडावरचं रंगकाम बघायला दोन तास मिळाले, पुरेसे होते. इथे कंपनीला पूर्ण गुण.

जेवणाबद्दल सगळे विचारतात. कंपनीचे आचारी भूतानमध्ये बरोबर होते. सकाळी पोहे-उपमा, रात्री वरणभात, बटाट्याची भाजी, एक दिवस पिठलंही. थंडीत तीन हजार मीटरवर गरम वरणभात मिळणं ही वयस्कर माणसांसाठी मोठी सोय आहे, आणि मधुमेह असलेल्या एका काकांची पथ्यं त्या आचाऱ्यांनी रोज सांभाळली. पण स्थानिक जेवण एकदाही दिलं नाही, म्हणून मी आणि जाऊबाई गाईड-ड्रायव्हरच्या टेबलावर जाऊन बसायला लागलो. लाल तांदळाचा भात आणि एमा दात्शी. तिथे मिरची मसाला म्हणून पडत नाही, भाजी म्हणून पडते. लांब उभ्या चिरलेल्या मिरच्या, चीज, मीठ, बस. डोळ्यांत पाणी येतं आणि हात थांबत नाही. तिखट सोसत नसेल तर बटाट्याची केवा दात्शी घ्या. लोण्याचा खारा चहा जाऊबाईंना आवडला, मला नाही.

आता फोबजिखा. ही सहल घ्यायची तर या दरीसाठी घ्या, आणि कंपनीशी भांडायचं तर याच मुक्कामासाठी भांडा. हिमयुगातल्या बर्फाने कोरलेली रुंद दरी, मधे पाणथळ, कडेने बटाट्याची शेतं आणि शेतकऱ्यांची घरं. ऑक्टोबरच्या शेवटी तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच इथे येतात आणि फेब्रुवारीपर्यंत राहतात. हे पक्षी तारांना धडकू नयेत म्हणून दरीतली वीज जमिनीखालून नेली आहे. लोकांनी आपल्या घरातल्या दिव्याची वायर पक्ष्यांसाठी मातीत पुरून घेतली! गाईड सांगत होता, की इथली शांतता आपोआप राहिलेली नाही, ती रोज सांभाळावी लागते. कुत्री, गुरं, पाणथळात उतरणारे पर्यटक, सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

आम्ही पोहोचलो दुपारी उशिरा. पायवाटेवर चौतीस जण एका रांगेत, पुढचा मागच्याला हाका मारतोय, कुणाच्या तरी खिशात फोनवर गाणं. गाईडने हात जोडून दोनदा विनंती केली. लोक वाईट नव्हते. दोन मिनिटं गप्प होत, मग विसरत. एवढी माणसं एका वाटेवर आली की गप्प राहूच शकत नाहीत. चिखलात चरणारे पक्षी एकेक पाऊल टाकत लांब सरकत गेले, आणि माणसं ‘काही नीट दिसत नाही’ म्हणून आणखी पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गाईड आम्हा चौघा-पाचांना, ज्यांची तयारी होती त्यांना, घेऊन निघाला. शेतांवर दहिवर गोठलेलं. पाणथळावर धुकं. आधी आवाज आला, कर्ण्यासारखा, दरीच्या पार त्या टोकाकडून, मग पक्षी उठले. राखी अंग, मान काळी, डोक्यावर लाल टिकली. जोडीत मोठे आणि मधे तपकिरी झाक असलेलं पिल्लू. आमच्यात कुणी बोललं नाही, कुणाला तसं सांगावंही लागलं नाही. पाच माणसं होतो म्हणून जमलं. नऊ वाजता बस निघाली. एवढ्या लांबच्या दरीत एकच रात्र, त्यातली अर्धी संध्याकाळ घोळक्यात, आणि परतीच्या वाटेवर थिम्पूत पुन्हा खरेदीला दोन तास. ते दोन तास इथे द्यायला काय हरकत होती?

पारोचं टायगर्स नेस्ट, म्हणजे ताक्त्सांग, याबद्दल मात्र कंपनीचं नियोजन वाखाणते. १६९२ सालचा मठ, ३१२० मीटरवर कड्याला लागून, १९९८ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेला. पहाटे लवकर नेलं, काठ्या आधीच भाड्याने घेऊन ठेवल्या, ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत घोडी ठरवली आणि तिथे त्यांना एकटं सोडलं नाही. जाऊबाई तिथपर्यंतच आल्या, समोर मठ बघत बसल्या, त्यांना तेवढं पुरलं. पुढे मोठ्या पायऱ्या उतरून धबधब्यापाशी जायचं आणि पुन्हा चढायचं, ते गुडघ्यांना जड आहे. फोन, पिशव्या दारातच ठेवाव्या लागतात. आणि म्हणून, त्या सगळ्या सहलीत पहिल्यांदा, वर आलेला आमचा सगळा गट एका ठिकाणी शांत बसला. तुपाच्या दिव्यांच्या उजेडात भिंतीवरची चित्रं बघायला हात मोकळे होते.

कंपनीने परतल्यावर अभिप्राय मागितला तेव्हा मी फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहिते. कोलकात्याला दोन पूर्ण दिवस द्या, मॉल काढा, बस फक्त विमानतळ आणि स्टेशनपुरती ठेवा, बाकी मेट्रो, फेरीबोट आणि चालणं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी टॅक्सी. भूतानमध्ये गट सोळाच्या वर नको, फोबजिखाला दोन रात्री द्या. किंमत वाढेल हे मला कळतं. माणशी पंधरा हजार जास्त पडले तरी मी दिले असते, आणि गाडीत विचारलं तेव्हा आमच्यातले आणखी काही जण हेच म्हणाले. पलीकडच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, पण मोठ्या गटाशिवाय विमानाचे दर मिळत नाहीत असंही सांगितलं. खरं असेल. मग निदान एकाच मोठ्या गटाचे भूतानमध्ये दोन वेगळे गट करा आणि एकाला एक दिवस मागे ठेवा. दोन कोस्टर होत्याच की.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण वर लिहिलेल्या वेळेच्या वाटणीचा कापला. जाऊबाई पाचपैकी पाच देतात, आणि तेही इथे नोंदवते, कारण गुडघे दुखणाऱ्या बाईला कुणी ओझं मानलं नाही ही मोठीच गोष्ट आहे.

कुमारटुलीसाठी जाणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. देवीचे डोळे तिथे महालयाच्या दिवशी रेखायची रीत आहे, म्हणजे आपली सर्वपित्री अमावास्या. आपला अनंत चतुर्दशीचा विसर्जनाचा गलका संपून पंधरवडा झालेला असतो, आमच्यासारख्या कारखान्यांत हात रिकामे असतात, आणि पितृपक्ष म्हणून आपल्याकडे कुणी सहली काढत नाही. पण त्या दिवसांत भूतानच्या घाटात पाऊस असतो आणि क्रौंच अजून आलेले नसतात. म्हणजे कुमारटुली आणि फोबजिखा एका सहलीत खऱ्या अर्थाने बसतच नाहीत. भूतान नोव्हेंबरात करा, कोलकाता पितृपक्षात वेगळं करा. मी त्या कारागीर काकांना येते म्हणून सांगून आलेय. या वेळी कंपनी नको, आम्ही दोघीच गीतांजली एक्स्प्रेसने जाणार. पेणच्या आसपास मूर्तीकाम करणाऱ्या कुणा बाईला यायचं असेल तर तिकिटं निघायच्या आत कारखान्यावर येऊन सांगा.